मातीचे नाते : मेक्सिकोची लोककला आणि आपली मुले

(आपल्या कुंभार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, मिरजगाव येथे, विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभी केलेले भाषण)



आजचा समारंभ तुमच्या गौरवाचा आहे. कोणी शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविले, कोणी चित्रकलेच्या परीक्षेत वरची श्रेणी पटकाविली. अशा प्रसंगी वक्त्याने चार उपदेशाचे शब्द बोलावेत व खाली बसावे, असा प्रघात आहे. परंतु मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकविली. फळ्यावर काही काढल्याखेरीज अथवा हातात काही वस्तू धरल्याखेरीज मला बोलता येत नाही. म्हणून आज मी तुमच्यासाठी एक वस्तू आणली आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून परत येताना ती मला भेट म्हणून आणली.

हे पाहा. काळेभोर, आरशासारखे चमकणारे एवढेसे मडके. समोरच्या रांगेतील मुलांनी ते हाती घ्यावे व जपून मागे द्यावे. कित्येकांना ते लोखंडाचे वाटेल, कित्येकांना दगडाचे. आमच्या वृद्ध मंडळींपैकी एकाने मात्र मघाशी ते हातात घेताच नखाने टिचकी मारली, कानाशी धरले आणि ते म्हणाले, "माती हाय. पण भाजणी कमी झालीया." महाराज, ज्या गोष्टीचा उलगडा होण्यास मला पुस्तके चाळावी लागली, ती गोष्ट त्यांनी एका टिचकीत सांगितली. त्या टिचकीविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

हे मडके मेक्सिको देशातील आहे. तो देश आपल्यापासून अर्ध्या पृथ्वीइतका दूर, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेस आहे. तेथील लोकसंख्या सुमारे १३ कोटी, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढीच. तुम्ही म्हणाल, त्या देशाशी मिरजगावच्या मुलांचा काय संबंध? संबंध तुमच्या घरातच आहे. दसऱ्याला दाराला जे झेंडूचे तोरण लावता, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. ठेच्यातील मिरची मूळची तिकडची. मक्याचे कणीस प्रथम पिकविले ते तेथील शेतकऱ्यांनी. समुद्रमार्गाने ही बियाणी इकडे आली आणि आपल्या मातीत अशी रुजली की, ती परकी आहेत असे आज कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

याच झेंडूने तिकडचे लोक आपल्या पितरांचे स्वागत करितात. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या व दुसऱ्या तारखेस तेथे मृतांचा सण असतो. घरात एक वेदीसारखी मांडणी करून तीवर दिवंगतांची चित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, पाण्याचे भांडे, मेणबत्त्या व मातीच्या धुपाटण्यात जळणारा ऊद ठेवितात आणि दारापासून तिथपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखतात, ती अशासाठी की पितरांनी वाट चुकू नये. साखरेच्या कवट्या करून त्या मुलांच्या हाती खाऊ म्हणून देतात. आपणही अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने मातीची घागर भरतो. तेथे हसतखेळत स्मरण करितात, येथे गंभीरपणे. परंतु दोन्हीकडे पाण्याचे भांडे लागते आणि ते कोणातरी कुंभाराने घडविलेले असते. या सणास युनेस्को या जागतिक संस्थेने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले आहे.

आणखी एक गंमत सांगतो. तेथे नाताळच्या दिवसांत मुलांसाठी 'पिन्याता' टांगतात. ते म्हणजे एक मडके. त्याला वरून रंगीत कागदाची चुणीदार झालर लावून ताऱ्याचा आकार देतात, आत फळे व मिठाई भरतात. मग एकेका मुलाचे डोळे बांधून त्याच्या हाती काठी देतात. मडके फुटले की खाऊचा पाऊस पडतो आणि सारी पोरे त्यावर तुटून पडतात. गोकुळाष्टमीची दहीहंडी डोळ्यांपुढे आणा! अलीकडे तेथे मडक्याऐवजी पुठ्ठ्याचे व कागदाच्या लगद्याचे पिन्याते अधिक आढळतात. आपल्याकडे पोळ्याच्या मातीच्या बैलांच्या जागी साच्यातील प्लास्टरचे बैल आले, तसेच हे.

आता या काळ्या मडक्याकडे वळू. मेक्सिकोच्या दक्षिणेस ओआहाका नावाचा प्रांत आहे व त्यात सान बार्तोलो कोयोतेपेक नावाचे कुंभारकाम करणारे गाव आहे. तुम्हांला ऐकून नवल वाटेल, सोळाव्या शतकात स्पेनचे लोक येईपर्यंत त्या साऱ्या देशात कुंभाराचे चाक ठाऊकच नव्हते. मातीच्या वळकट्या एकीवर एक रचून, अथवा साच्यावर माती थापून, ते लोक भांडी घडवीत. आणि अशी घडवीत की, त्यांपुढे चाकावर काम करणाऱ्यानेही मान लववावी. कोयोतेपेकचे कारागीर अजूनही एक पसरट थाळी पालथी घालून तीवर दुसरी सुलटी ठेवितात आणि वरच्या थाळीत मातीचा गोळा घेऊन ती हातानेच फिरवीत भांडे उभे करितात.

पूर्वी त्या गावची भांडी राखी रंगाची व खरबरीत असत. ती पाण्यासाठी व मद्य साठविण्यासाठी वापरीत. १९५० नंतरच्या दशकात रोसा रेआल या बाईंनी, ज्यांना सारे आदराने 'दोन्या रोसा' म्हणत, एक युक्ती शोधून काढली. भांडे अर्धवट सुकले की, गारगोटीच्या गुळगुळीत खड्याने त्याचे अंग घोटावयाचे आणि मग नेहमीपेक्षा कमी भाजावयाचे. भट्टीत हवा शिरू दिली नाही की धूर कोंडतो आणि मातीतील लोहाचा लाल रंग न येता काळा रंग येतो. आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगावयास नको. आवा बुजवून काळी मडकी काढण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. घोटल्यामुळे तिकडील भांड्याला ही आरशासारखी झळाळी आली. देशोदेशींचे प्रवासी ती पाहण्यास येऊ लागले आणि एका खेड्यातील बाईचे नाव जगभर गेले.

परंतु त्या झळाळीची एक किंमत होती. भाजणी कमी, म्हणून हे भांडे पाणी धरीत नाही. ते शोभेचे झाले. मघाच्या टिचकीने हेच सांगितले. संतमंडळींच्या मेळाव्यात थापटणे घेऊन कच्चे-पक्के पारखणाऱ्या गोरोबाकाकांचे आपण वंशज म्हणवितो. तेव्हा कोणत्याही कलेपुढे आपण नुसतेच डोळे विस्फारून उभे राहू नये, टिचकी मारून पाहावी. कोयोतेपेकच्या लोकांना पोट भरण्यासाठी शोभेचे भांडे घडवावे लागले, यात दोष नाही. परंतु सुंदर दिसणे निराळे आणि पाणी धरणे निराळे, हे कुंभाराच्या मुलाला कळले पाहिजे.

आता माझ्या विषयाच्या मुख्य भागाकडे येतो. ही मातीची, लाकडाची, कागदाची कामे मेक्सिकोतील खेडूत शतकानुशतके करीतच होते. तथापि शहरातील शिकलेल्या लोकांना त्यांची लाज वाटे. चांगले चित्र म्हणजे युरोपातले चित्र, चांगले भांडे म्हणजे परदेशी भांडे, असा समज होता. १९१० साली तेथे मोठी क्रांती झाली. तिचा धुरळा खाली बसू लागल्यावर, १९२१ साली, देशाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त राजधानीत लोककलेचे एक प्रदर्शन भरविण्यात आले. रोबेर्तो मोन्तेनेग्रो व होर्हे एन्सिसो या चित्रकारांनी ते मांडले आणि डॉ. आत्ल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराने त्यानिमित्त लोककलेवर ग्रंथ लिहिला. ज्या वस्तू बाजारात जमिनीवर पसरून विकल्या जात, त्या प्रथमच सन्मानाने मांडल्या गेल्या.

त्याच सुमारास होसे वास्कोन्सेलोस हे शिक्षणमंत्री झाले. त्यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन केल्या. दिएगो रिवेरा यांची जगप्रसिद्ध भित्तिचित्रे त्यांतून निर्माण झाली. आणि शाळांत एक नवी चित्रकला आली. आदोल्फो बेस्त मौगार्द नावाच्या चित्रकाराने तरुणपणी, फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञासाठी, उत्खननात सापडलेल्या जुन्या खापरांवरील नक्षीची शेकडो चित्रे काढून दिली होती. खापरे पाहता पाहता त्याच्या लक्षात आले की, या साऱ्या नक्षीच्या मुळाशी केवळ सात आकार आहेत : सर्पिल, वर्तुळ, अर्धवर्तुळ, इंग्रजी 'एस्' अक्षरासारखे वळण, लहरी रेषा, नागमोडी कोनांची रेषा आणि सरळ रेषा. या सात आकारांवर त्याने चित्रकलेची एक पद्धती रचली. ती राजधानीच्या प्राथमिक शाळांतून शिकविली गेली आणि १९२३ साली तिचे पुस्तकही निघाले. म्हणजे पाहा, कुंभाराने फेकून दिलेल्या फुटक्या खापरांतून एका देशाच्या चित्रकलेचा धडा तयार झाला!

बालमित्रांनो, हे सात आकार तुम्ही आज घरी जाऊन शोधा. आजीच्या रांगोळीत शोधा, गोधडीच्या टाक्यांत शोधा, रांजणाच्या गळ्यावर ओढलेल्या रेघांत शोधा. सातही सापडतील. आपल्याच महाराष्ट्रात डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी वर्तुळ, त्रिकोण व रेषा एवढ्या सामग्रीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात, वारली चित्रकला जगाच्या कलादालनांत नेऊन पोहोचविली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. त्यांनी चित्रे काढली ती आपल्या आसपासच्या शेतांची, बैलांची, लग्नांची.

मेक्सिकोच्या त्या नवजागृतीत आपला एक मराठी माणूसही होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. परकीय सरकारच्या रोषामुळे त्यांना मायदेशी परतता येईना. देशोदेशी भटकत ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या जाती शोधण्याचे त्यांचे काम गाजले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या व त्या कामी रिवेरा त्यांच्या पाठीशी होते. शिक्षण खात्याच्या इमारतीतील 'आमची भाकर' या अर्थाच्या नावाच्या भित्तिचित्रात रिवेरांनी खानखोज्यांना रेखाटले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले, नागपूरला राहिले आणि १९६७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. एका परक्या देशाने आपल्या कष्टकऱ्यांच्या चित्रांत ज्याला स्थान दिले, तो वऱ्हाडा-नागपुराकडचा मनुष्य. तेव्हा मेक्सिकोची भिंत आपल्याला अगदीच परकी नाही.

आता जे सांगणार आहे, ते सांगावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. परंतु ते न सांगता वरचे सारे सांगणे म्हणजे न भाजलेले मडके विकण्यासारखे होईल.

मी शाळेत जात असे तेव्हा सकाळी नखांतील माती काडीने कोरून काढीत असे. गुरुजींनी वडिलांचा धंदा विचारला, तेव्हा मी 'शेती' म्हणून सांगितले. आमच्याकडे शेत नव्हते. खळ्यावर बलुते मागावयास तात्यांबरोबर जावे लागे, तेव्हा मी वर्गातील कोणी पाहील म्हणून झाडाआड उभा राही. एका उन्हाळ्यात शाळेने पाण्यासाठी मोठा रांजण मागविला. तो घेऊन तात्या स्वतः आले. डोक्यावर चुंबळ, अंगावर मातीचे शिंतोडे. मी ओसरीवर मित्रांसमवेत उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नजर वळविली. ते समजले. त्यांनी रांजण उतरवून ठेवला, गुरुजींना नमस्कार केला आणि माझी चौकशी न करता निघून गेले.

संध्याकाळी घरी गेलो. मला वाटले, आता ओरडतील. ते चाकापाशी बसले होते. मान वर न करता एवढेच म्हणाले, "रांजणाचं पाणी गार झालं का रे?"

पुढे शाळा संपेपर्यंत मी त्याच रांजणाचे पाणी प्यालो. आपल्या या कर्जत तालुक्यात पाऊस तो केवढा! अवर्षणाच्या मुलखात पाणी साठवून गार ठेवणारे भांडे म्हणजे काय चीज आहे, हे समजावयास मला पुष्कळ वर्षे लागली. तोवर तात्या गेले होते. मला क्षमा मागता आली नाही. मेक्सिकोच्या त्या प्रदर्शनाची हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा मला दोन्या रोसा आठवल्या नाहीत. मला ओसरीवरचा मी आठवलो.

या विषयावर आपल्या समाजात दोन मते आहेत. दोन्ही मते मांडणारी मंडळी येथे समोरच बसली आहेत. काही म्हणतात, माती सोडा, पुस्तक धरा. मातीने आपल्याला कधी पोटभर दिले नाही व मान तर मुळीच दिला नाही. काही म्हणतात, परंपरागत कला टिकविलीच पाहिजे, मुलांनी चाकावर बसलेच पाहिजे. मला दोन्ही पक्षांना मेक्सिकोची साक्ष द्यावयाची आहे.

दुसऱ्या पक्षास असे सांगावयाचे की, प्रदर्शनाने मान मिळतो, त्याने पोट आपोआप भरत नाही. मेक्सिकोतही दलालाच्या हाती नफा व कारागिराच्या हाती माती, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी राहिला. जुने ते सारेच चांगले, असेही नाही. तेथील झिलईदार भांड्यांना शतकानुशतके शिशाची झिलई देत आले. ते शिसे अन्नात उतरते, लहान मुलांच्या मेंदूस बाधते, आणि सर्वांत आधी बाधते ते कुंभाराच्याच घरातील मुलांना. म्हणून तेथील जाणते लोक कारागिरांना शिशाविना झिलई शिकवीत आहेत. परंपरेवर प्रेम करणाऱ्याने तिच्यातील विष काढण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. आपल्या परंपरेतील विष कोणते? अमक्याच्या पोटी जन्मला म्हणून त्याने चाकच फिरवावे आणि तमक्याने चाकाला हात लावू नये, हे ते विष होय. आपल्या मुलीला डॉक्टर व्हावयाचे असेल तर तिने व्हावे, आणि दुसऱ्या कोणाच्या मुलाला चाकाची हौस असेल तर त्याला आपण प्रेमाने मांडीशी बसवून शिकवावे. कला जन्माने वाटली जाऊ नये.

पहिल्या पक्षास असे सांगावयाचे की, माती जरूर सोडा, परंतु लाजून सोडू नका. जो लाजून सोडतो, त्याच्या मागे ती लाज जन्मभर येते. मी चाक सोडले, चित्रकलाशिक्षक झालो, त्याबद्दल मला खंत नाही. खंत आहे ती नजर वळविल्याची. दारचा झेंडू परदेशातून येऊन आपला झाला आणि घरचा बाप मात्र आपण परका केला, याहून दुर्दैव कोणते?

म्हणून आज मी तुमच्यापाशी तीन गोष्टी मागतो. पहिली, यंदाच्या पोळ्याला प्रत्येकाने घरच्या मातीचा एक तरी बैल हाताने करावा. वाकडा झाला तरी चालेल. दुसरी, एक वही करावी व तीत आजी-आजोबांकडून ऐकलेले शब्द लिहावेत : मातीत लीद व राख किती मिसळावयाची, आवा कसा रचावयाचा, कोणत्या सणाला कोणते भांडे, सुगड कोणते, बोळके कोणते. त्यांच्या बाजूस त्या सात आकारांतून दिसलेली नक्षी काढावी. फुटक्या खापरांतून एका देशाने धडा तयार केला; तुमच्यासमोर तर जिवंत माणसे बसली आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. उद्या शाळेच्या अर्जावर वडिलांचा अथवा आजोबांचा धंदा लिहावा लागला, तर जो आहे तोच लिहावा.

आणि संघाच्या चालकांना एक विनंती. गुणांबद्दल पारितोषिके द्याच. परंतु पुढील वर्षापासून अशा एका वहीस व हाताने घडविलेल्या एका वस्तूसही पारितोषिक ठेवावे आणि त्याची पारख करण्यास माझ्यासारख्या शिक्षकास न बोलाविता, मघाशी ज्यांनी टिचकी मारली त्या आजोबांना बसवावे.

ते काळे मडके फिरत फिरत माझ्याकडे परत आले आहे. एकाही मुलाने ते पाडले नाही, हे मी पाहत होतो. मातीची वस्तू हातात आली की हात आपोआप खाली कसा ओंजळ धरतो, हे आपल्या मुलांना कोणी शिकविलेले नाही. तेवढे तात्यांचे देणे तुमच्या हातांत शिल्लक आहे. ते जपा, एवढेच माझे मागणे.